वरच्या ओठावरच्या रेघा

माझ्या ओठात नेमकं काय भरलं होतं, हे मला आजपर्यंत कोणी धड सांगितलेलं नाही. पहिल्यांदा विचारलं तर भाची म्हणाली, जेल असते मावशी. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, बाहेरच्या देशातलं असते, एकदम भारी. तिसऱ्यांदा विचारलं तर मलाच म्हणाली की तू लय टेन्शन घेते. आता ओठ माझे, वस्तू गेली माझ्या ओठात, तर टेन्शन मी नाही घ्यायचं तर काय शेजारणीने घ्यायचं? भाची म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीची लेक. वाशिमला तिचं ब्युटी पार्लर आहे, काचेचा दरवाजा, आत एसी. लहानपणी तिचं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे, त्यामुळे तिला मोकळेपणाने शिव्याही देता येत नाहीत. लिहायला बसलं की शाळेतली मराठी येते, म्हणून इथे मी सभ्य दिसते. तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही वेगळंच ऐकलं असतं.

पण आधी दुकानाचं सांगते. दुकान कळल्याशिवाय माझी चिडचिड कळायची नाही.

मानोऱ्यात आमचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे, वीस-बावीस वर्षं झाली. पंप आमचे हे दुरुस्त करतात. यांना ऐकू येत नाही. सहा वर्षांचे असताना ताप मेंदूत गेला आणि त्यात कान गेले. तोवर बोलायला शिकले होते म्हणून बोलतात, पण स्वतःचा आवाज स्वतःला कळत नसल्यामुळे एकतर पुटपुटतात, नाहीतर अख्ख्या ग्रामसभेला ऐकू जाईल असं बोलतात. मधलं काही नाही.

गिऱ्हाईक येतं, पंप टेकवतं आणि तक्रार काउंटरवर मला सांगतं. मग मी यांच्याकडे तोंड करून तीच तक्रार नुसत्या ओठांनी बोलते, आवाज न काढता. पंप दाब धरत नाही, वायसर झिजलं, नोझलमधून थेंब थेंब गळतं, चार्जिंग दोन टाक्यांतच उतरते, माणूस लांबच्या तांड्यावरून आला आहे, आत्ताच करून द्या. हे ओठ पाहतात आणि कामाला लागतात. लग्न झालं तेव्हापासून मी यांच्याशी अशीच बोलते. ज्याला आवाज जात नाही त्याच्यापुढे आवाज काढायचा कशाला? लोक यांच्याशी बोलताना ओरडतात. ओरडलं की तोंड वाकडं होतं आणि यांना एरवी कळलं असतं तेवढंही कळत नाही. माझं मात्र सगळं कळायचं. मी डाळीत मीठ घालायला विसरले इथपासून माझ्या माहेरच्या भानगडींपर्यंत सगळं यांनी माझ्या ओठांवर वाचलेलं आहे.

भांडणंही आमची अशीच. दुकानात दहा माणसं उभी असली तरी मी यांना मनसोक्त झाडू शकते, कोणाला पत्ता लागत नाही. एकदा भर हंगामात यांनी एका शेतकऱ्याचा पंप उघडला, पिस्टन काढून काउंटरवर ठेवला आणि खुशाल जेवायला निघून गेले. तो बिचारा तासभर उकिडवा बसून. हे आले तशी मी यांना सगळ्यांसमोर, एक अक्षरही न उच्चारता, उभं-आडवं घेतलं. यांनी ते सगळं शांतपणे वाचलं, आणि मग त्या ग्रामसभेच्या आवाजात म्हणाले, "हळू बोल, लोकं आयकून राह्यले."

दुकानातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण कोणीच काही ऐकलं नव्हतं. मला हसू आवरेना. तेव्हापासून मी झाडायला लागले की हे तेच म्हणणार आणि माझा राग अर्धा तिथेच जाणार. डांबिस माणूस आहे.

मुलाचं लग्न ठरलं किन्हीराजा गावच्या मुलीशी. साक्षगंधाचा व्हिडिओ झाला, तो मुलाने टीव्हीवर लावला, आणि त्यात मी स्वतःला पाहिलं. वरच्या ओठावर उभ्या रेघाच रेघा, साडीला निऱ्या पडाव्या तशा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना चर. विहीणबाई माझ्याहून वर्षाने मोठ्या, पण तोंड गुळगुळीत. माझी जाऊ शेजारी बसून पोहे खात होती. ती म्हणाली, वरमाय थकल्यावानी दिसून राह्यली व. मी कोणाला दोष देत नाही. हौस माझीच होती. पन्नाशीला आलेल्या बाईला एकुलत्या एका पोराच्या लग्नात बरं दिसावंसं वाटलं, एवढाच माझा गुन्हा.

रामनवमीची पोहरादेवीची गर्दी ओसरली तेव्हा भाची आमच्याकडे आली होती. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, बैल पाहतात तसं. म्हणाली, मावशी, तू काकांशी बोलताना तोंड लय ताणते, त्याच्यानं ह्या रेघा पडल्या. भरून टाकू. तिच्या पार्लरमध्ये दर रविवारी मोठ्या शहरातून एक डॉक्टर येतात म्हणे. माझ्याकडून काहीच नको, फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो तिला मोबाईलवर टाकू द्यायचा. मी म्हटलं, डोळे झाक आणि टाक.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना मी घरी साड्यांचं निमित्त सांगून वाशिमला गेले. डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क काढलाच नाही, नावही सांगितलं नाही. दहा मिनिटांत ओठात, ओठाच्या वर आणि बाजूच्या चरांत सुया टोचून झाल्या. भाचीने बजावलं की पंधरा दिवस तोंड चोळायचं नाही, दाबायचं नाही, वाफ घ्यायची नाही. लग्न आठ दिवसांवर, हे तिलाही माहीत आणि मलाही माहीत. पण लग्नाच्या आधी हळद असते, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. साता जन्माच्या वऱ्हाडी बाया आम्ही, आणि आम्हाला हळद आठवली नाही.

घरी आल्यावर सूज होती. दाढ दुखते म्हणून सांगितलं. दोन दिवसांत सूज उतरली आणि खरं सांगते, आरशात मला फार बरं वाटलं. रेघा गायब. ओठ भरलेले. मी भांडी घासतानाही ताटात तोंड पाहून घेत होते.

मग हळद आली. आमच्याकडे नवरदेवाबरोबर त्याच्या मायबापालाही हळद लावतात, आणि वरमायेला लावणं म्हणजे भावबंदकीतल्या बायांना वर्षानुवर्षांचे हिशेब चुकते करायची संधी. नवरदेवाला बिचाऱ्याला बोटाने लावतात, वरमायेला तळव्याने फासतात. मी तोंड मागे घेतलं. जाऊ म्हणाली, तोंड काहून लपवून राह्यली, लाजून राह्यली का? बाया हसल्या. एकीने मागून डोकं धरलं आणि जावेने दोन्ही अंगठ्यांनी माझ्या ओठांवरून, गालांवरून अशी हळद रगडली की डोळ्यांत पाणी आलं. मी एक शब्द बोलले असते तर सुटले असते. बाई गं, ओठात इंजेक्शन घेतलंय, हळू लाव. पण तेवढं बोलायची हिंमत झाली नाही. सगळ्या गावात झालं असतं की वरमायेने तोंड भरून घेतलं. मी गप बसले आणि एकीमागून एक पाच जणींना रगडू दिलं.

लग्नाचे फोटो मी अजून भिंतीवर लावलेले नाहीत. वरचा ओठ पुढे आला होता, कपाटाची फळी यावी तसा, आणि डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ. लग्नाच्या धामधुमीत कोणी विचारलं तर दाढ आहेच. भाचीला फोन केला तर म्हणाली बर्फ लाव. मग म्हणाली शेक. मग म्हणाली सहा महिन्यांत आपोआप जिरते. शेजारच्या काकूंनी तुरटी लावायला सांगितली, बहिणीने एरंडेल सांगितलं. मी सगळं केलं. लाज सोडून सगळं केलं आणि ओठ होता तिथेच.

मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो लग्नानंतर परत गेला. तिथे नीट खोली मिळेपर्यंत सून आमच्याकडेच राहिली. पोरगी चांगली आहे, कामाची आहे, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर जळले.

पाऊस लागला, पेरण्या झाल्या, सोयाबीनवर फवारणी सुरू झाली आणि दुकानात पंपांची रांग लागली. मी काउंटरवरून यांना सांगायला लागले आणि हे म्हणायला लागले, काय? पुन्हा सांगितलं तर पुन्हा, काय? नोझलची तक्रार सांगितली तर बॅटरी उघडून बसायचे. तुमचं ध्यान कुठे असतं म्हणून मी जास्त चिडून जास्त भरभर बोलायची. मग यांनी विचारणंच सोडलं. गिऱ्हाइकाच्या बोटाकडे पाहायचे, पंप हलवून पाहायचे, आपल्या मनाने उघडायचे. जेवतानाही ताटाकडे पाहून जेवायला लागले. पंचवीस वर्षं जो माणूस माझ्या तोंडाकडे पाहून जेवला तो आता भाकरीकडे पाहून जेवत होता, आणि मला वाटलं, आता पोराचं लग्न झालं, याला माझी किंमत राहिली नाही.

त्यात सून. तिला सासऱ्याशी बोलायचं तर होतं, ओरडणं तिला बरं वाटेना, म्हणून ती माझं बघून ओठांनी सावकाश बोलायला लागली. एक दिवस मी आतून चहा घेऊन आले तर हे तिच्या तोंडाकडे पाहून मान हलवत होते. कळत होतं. थोडं थोडं, अडखळत, पण कळत होतं. दोन महिन्यांपूर्वी घरात आलेल्या पोरीचं कळत होतं आणि माझं नाही. सांगायला लाज वाटते, पण चहा मी इतका जोरात आपटला की अर्धा बशीत सांडला.

नंतर जुलै संपता संपता एका दुपारी, दुकानात सहा-सात माणसं असताना, हे हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडे वळले. पुटपुटायचं ते यांना जमलं असतं तर बरं होतं. पण निघाला तो मोठा आवाज.

"अडीच महिने झाले, तू माह्याशी बोलत काहून नाही? माह्याकडून काय चुकलं ते तरी सांग."

मी बोलत होते हो. रोज बोलत होते. त्या दिवशी सकाळपासून पन्नास वेळा बोलले होते. मी यांना तेच सांगायला लागले, की मी बोलूनच राह्यली, तुमीच पाहून नाही राह्यले. आणि हे माझ्या तोंडाकडे पाहत होते, अगदी लक्ष देऊन, कपाळाला आठ्या घालून पाहत होते, आणि यांना एक शब्द कळत नव्हता. बंद खिडकीकडे पाहावं तसं पाहत होते. मी आत निघून गेले.

सून मागून आली. थोडा वेळ घुटमळली, मग म्हणाली, आई, रागावू नका, पण तुमचा वरचा ओठ हालतच नाही. मी म्हटलं, काहीतरीच. तिने मोबाईल काढला, मला दोन वाक्यं आवाज न काढता बोलायला लावलं आणि व्हिडिओ दाखवला. खालचा ओठ बिचारा धडपडत होता. वरचा तसाच बसलेला, गाठ घेऊन. दोन्ही ओठ नीट मिटतही नव्हते. रेघांच्या जागी गुळगुळीत चामडं, आणि त्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. भाची बरोबर बोलली होती, तोंड ताणून बोलल्यानेच त्या रेघा पडल्या होत्या. यांच्याशी बोलून पडल्या होत्या. आणि मी त्याच बुजवून आले होते. त्या दुपारी मी जेवढी रडले तेवढी बाप गेला तेव्हा रडले नव्हते.

आता यांना सांगायचं कसं? ओठांनी कळत नाही. मग बिलबुकाच्या कागदाच्या मागे लिहिलं, "मी रागावली नाही. सुंदर दिसासाठी ओठात इंजेक्शन घेतलं, ते बिघडलं. म्हणून तुमाले कळत नाही." आणि दुकानात नेऊन यांच्या हातात दिलं. हे चौथी शिकलेले. बोट ठेवून ठेवून वाचतात. वाचलं, चष्मा वर केला, आणि बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सुंदर दिसासाठी ओठात इंजेक्शन? कायले व?"

झालं. ज्या गोष्टीसाठी हळदीत पाच बायांचे अंगठे गप सहन केले ती गोष्ट संध्याकाळच्या आत जावेच्या घरी पोचली. जाऊ मुद्दाम भाजी घेऊन आली आणि माझ्या ओठांकडे बघत बसली. मी तिला चहा दिला नाही.

वाशिमला जाऊन भाचीला धरलं. म्हटलं, डबी दाखव, काय भरलं त्याचं नाव दाखव. डबी फेकली म्हणे. डॉक्टरांचा नंबर दे म्हटलं, तर तो बंद. ते रविवारी यायचेही बंद झाले होते. ही पोरगी मलाच समजावायला लागली की मावशी, यासाठी लोकं मुंबईले जातात, तुले घरबसल्या भेटलं. आणि समोर भिंतीवर माझाच फोटो, आधी आणि नंतर, नंतरचा सुजलेल्या दिवसाचा. मी म्हटलं, तो काढ आधी. ती म्हणाली, चेहरा कोठी ओळखू येते मावशी, नुसते ओठ तर आहेत. मी तो स्वतः ओरबाडून काढला आणि पर्समध्ये घातला.

आमच्याकडे काही मोठं दुखणं झालं की माणूस अकोल्याला जातो, तशी मीही गेले. भर हंगाम, दुकान बंद ठेवता येईना, म्हणून हे आणि सून दुकानात आणि मी एकटी. हे बसपर्यंत सोडायला आले. आमची बसची एक रीत आहे. बाकीचे लोक खिडकीतून ओरडून ओरडून निरोप देतात, इंजिनाच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही. आम्ही मात्र बस वळेपर्यंत आरामात बोलायचो. त्या दिवशी मी खिडकीतून सांगितलं की दुपारची बीपीची गोळी विसरू नका. यांनी पाहिलं, मान नाही म्हणून हलवली आणि नुसताच हात वर केला. बस वळली.

चामडीच्या डॉक्टरीणबाई पोक्त होत्या, कमी बोलणाऱ्या. काय भरलं विचारलं. मी म्हटलं जेल. कोणतं? म्हटलं बाहेरदेशातलं. त्यांनी पेन खाली ठेवला आणि कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. मग ओठ चिमटीत धरून, आतून बोट घालून पाहिलं आणि नीट समजावलं. एका जातीचं फिलर असतं, ते विरघळवायचं इंजेक्शन मिळतं. दुसऱ्या जातीचं असलं तर ते विरघळत नाही, कापून काढावं लागतं किंवा तसंच ठेवावं लागतं. कोणतं आहे ते डबी नसल्यामुळे देऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही. मग एकदम विचारलं की मधमाशी चावून कधी त्रास झाला होता का.

झाला होता. दहा-बारा वर्षांची असताना बांधावरचं मोहोळ उठलं होतं, तोंड सुजून डोळे मिटले होते, दोन दिवस ताप होता. पण हे सांगितलं आणि बाई इंजेक्शनलाच नाही म्हणाल्या तर? 'नाही, कधीच नाही' असंच तोंडावर आलं होतं. मग वाटलं, एकदा गप बसून भोगलं तेवढं पुरे आहे. सांगून टाकलं. बाईंनी श्वास अडकला होता का, उलट्या झाल्या होत्या का, सगळं खोदून विचारलं. नव्हतं झालं. म्हणाल्या, ज्यांना मधमाशीचं फार वावडं असतं त्यांना हे औषधही कधीकधी चालत नाही, आधी हातावर थोडं टोचून पाहू. सगळी तयारी शेजारी ठेवून त्यांनी हातावर टोचलं आणि अर्धा तास बसवलं.

तो अर्धा तास मी हाताकडे पाहत होते. जरा लाल दिसलं की वाटायचं, आली सूज. ही आली म्हणजे इंजेक्शन नाही, म्हणजे हे यापुढे सुनेच्या तोंडाकडे पाहतील, सून पुण्याला गेली की कोणाच्याच नाही. बीपीची गोळी, पोराचा फोन, माझ्या मनातलं, सगळं मी आता कागदावर लिहून देईन आणि हे बोट ठेवून वाचतील. आयुष्यात कशाची इतकी भीती वाटली नव्हती. शेजारी एक कॉलेजची पोरगी गाल भरून घ्यायला आली होती. तिला सांगावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडाने सांगू?

हातावर काही उठलं नाही. बाईंनी मला खुर्चीवर आडवं केलं. इंजेक्शन देताना आग होते, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. सुई हातात घेऊन त्या मला धीर द्यायला लागल्या, की सुरकुत्या परत दिसतील, आपलं मूळचंही थोडं उतरल्यासारखं वाटेल, पण घाबरू नका, नंतर वाटलं तर चांगल्या ठिकाणी, चांगल्या प्रतीचं पुन्हा भरता येतं.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "नाही डॉक्टरीणबाई. मले माह्या रेघा वापस पाहिजे."

त्यांनी का ते विचारलं. मी यांचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं. बाईंनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, मग नीट वेळ घेऊन करू. आग खरंच फार झाली. ओठ पेटल्यासारखे झाले. मी हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना कळलं की वरचा ओठ मऊ झाला आहे. विरघळणाऱ्या जातीचंच होतं. मी न्हाणीतच देवाला हात जोडले. फळी उतरली होती, गाठ मात्र अजून हाताला लागत होती. हे आता छोटे शब्द वाचायला लागले. चहा, पाणी, जेवायला चला. मी लांब वाक्य बोलले की हे हरवायचे, आणि मग सवयीने सुनेकडे पाहायचे. ती बिचारी मान खाली घालायची, आणि मला तिचाही राग यायचा आणि माझाही. पंधरा दिवसांनी बाईंनी परत बोलावलं होतं. ते पंधरा दिवस मी आरशात रेघा शोधत होते. आधी ज्या बुजवायला चोरून गेले त्याच रेघांची एकेक करून वाट पाहत होते. डोक्यावर पडलेली बाई, दुसरं काय!

पोळ्याच्या आधी दुसरं इंजेक्शन झालं. त्याची सूज उतरेपर्यंत दोन दिवस मी अकोल्यालाच बहिणीकडे राहिले. तिथे भाचीचा फोन आला, की मावशी तुझ्या फोटोवर लोकं विचारून राह्यले, तो मोबाईलवरचा तरी राहू देते ना. मी फोन बहिणीच्या हातात दिला आणि म्हटलं, तुझी लेक आहे, तूच बोल. यांना मी मुद्दाम व्हिडिओ कॉल केला नाही. भीती होती. तिथूनच कळलं असतं की काही कळत नाही, तर परतायला पाय निघाले नसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मानोऱ्याला उतरले आणि घरी न जाता सरळ दुकानात गेले. दुकान गच्च भरलेलं. काउंटरवर एक पंप उघडा पडलेला, पिस्टन बाहेर काढून ठेवलेला, आणि खाली एक शेतकरी उकिडवा बसलेला. विचारलं तर म्हणाला, दीड तास झाला बाई, हे मधातच उठून त्या कोपऱ्यातल्या पंपाले लागले. हे कोपऱ्यात. समोर सून उभी, हे तिच्या तोंडाकडे पाहून मान हलवत होते. माझी पर्स खांद्यावरच होती, चप्पलही काढली नव्हती.

मी यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. यांनी वर पाहिलं. मग मी सुरू झाले. एक माणूस दीड तास बसला तर तुमाले दिसत नाही का? पंप उघडला तर पुरा करायला काय होते? तीन महिने मी मरून राह्यली आन् तुमाले नवीन पोरीशी बोलायची हौस. मी घरी नाही तर बीपीची गोळी घेतली का, का तीबी विसरले? मी रागावली होती असं तुमाले वाटलंच कसं? पंचवीस वर्षात मी तुमच्याशी कधी एक दिवस तरी बोलायची थांबली का? हे सगळं एका दमात, आवाजाचा ठिपकाही न काढता. वरचा ओठ हालत होता. मला तो हालताना कळत होता, रेघा ताणताना कळत होत्या.

हे एकटक पाहत होते. शेवटपर्यंत पाहिलं. मग यांचे डोळे भरले. हात तेलाचे होते, म्हणून डोळे बाहीला पुसले, आणि ग्रामसभेचा तो आवाज निघाला.

"हळू बोल, लोकं आयकून राह्यले."

सगळं दुकान माझ्याकडे पाहायला लागलं. मी म्हटलं, नुसत्या ओठांनी, आयकू द्या.